बोर्ड बोलून राहिलं होतं

दुकानात येणारा नवा माणूस अजूनही आधी माझ्या खांद्यावरून मागं बघतो. मागं नुसती भिंत आहे आणि भिंतीला जुनी मदरबोर्डं टांगलेली आहेत. मग तो विचारतो, "भाऊ नाही काय?" भाऊ नाही, मीच आहे, बोला. अकोल्याच्या जठारपेठेत इतकी वर्षं संगणक दुरुस्त करतेय, पण या प्रश्नाचा अजून कंटाळा आला नाही. उत्तर दिल्यावर माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडमध्ये आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी. अर्ज बाबांनी भरला होता. ते शेतातल्या मोटारपंपांचे स्टार्टर दुरुस्त करायचे आणि टेस्टर धरायला मी सोबत असायची. लोक बोलले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले की करंटले बाई कोन अन् मानूस कोन ते समजत नाही. त्यांच्या त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं, हे आज लिहायला बसल्यावर पहिल्यांदा कबूल करतेय. बाबा होते तेव्हा मी त्यांना हे कधी बोलले नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी यादी करायला बसले होते. पावसात भिजलेली मशिनं, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, कॅबिनेटमध्ये संसार थाटलेली पाल. शेवटी यादी फाडून टाकली. मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती बायोसची आणि तायडेदादांची.

बायोस म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. संगणकाचं बटण दाबलं की स्क्रीनवर चित्र यायच्या आधी दोन-चार क्षण जातात. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते आणि तिच्यात एक लहानसा प्रोग्राम कायमचा लिहून ठेवलेला असतो, तोच बायोस. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी बाई कशी नळ आला का, दूध आलं का, गॅस आहे का ते बघून मग बाकीच्यांना हाका मारते, तसं त्याचं काम. कीबोर्ड आहे, मेमरी आहे, डिस्क आहे, मग उठा सगळे.

जुन्या बोर्डातली ही बाई जुन्या काळची असते. तिच्यानंतर बाजारात आलेला प्रोसेसर किंवा डिस्क तिच्या ओळखीची नसते, त्यामुळं ती त्यांना दारातच उभं करते. मग चिपमधला जुना प्रोग्राम पुसून त्या जागी कंपनीनं काढलेला नवा लिहावा लागतो. याला बायोस अपडेट म्हणतात. काम दोन-तीन मिनिटांचं. पण त्या दोन-तीन मिनिटांत जुनं पुसून गेलेलं असतं आणि नवं पुरतं लिहून झालेलं नसतं. नेमकी तेव्हाच विजेची लाइन गेली, किंवा फाइल भलत्याच बोर्डाची निघाली, की घरात उठवणारं कोणी उरत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळा. आमच्या धंद्यात म्हणतात, बोर्ड मेलं.

त्यामुळं माझा पहिला नियम असा की गरज नसेल तर बायोसला हात लावायचा नाही. रिद्धपूरला एक काका यात्रेकरूंना राहायला खोल्या देतात. त्यांच्या संगणकाची तारीख रोज सकाळी मागं जायची, भलतीच मागं. त्यांच्या नोंदीप्रमाणे कितीतरी माणसं स्वतःच्या जन्माआधीच रिद्धपूरला मुक्काम करून गेली होती. पुण्याच्या भाच्यानं त्यांना सांगितलं, बायोस अपडेट करून घ्या. मी बोर्डावरचा बटणासारखा सेल काढला, नवा घातला आणि तारीख लावून दिली. काकांचं तोंड उतरलं. एवढ्या लांबून आणलं आणि बायोस केलाच नाही, म्हणून हटून बसले. मी म्हटलं, काका, ताप नाही तर सुई काहून टोचू? तरी जाताना ते दारात थांबले आणि परत म्हणाले की थोडासा करून टाकला असता.

गरज असेल तेव्हा मात्र मी सगळं रीतीनं करते. आधी जुन्या बायोसची नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवायची. मशिन यूपीएसवर घ्यायचं, आणि तो यूपीएस खरंच ओझं ओढतो का, हे भिंतीचं बटण बंद करून बघायचं. नुसता दिवा लागतो म्हणून त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही. मग सब-स्टेशनच्या ऑपरेटरला फोन करायचा, भाऊ, अर्धा तास लाइन जाऊन तर नाही राहिली ना? तो भला माणूस विचारायचा, "काहून ताई, आज बायोस हाय का?" बायोस म्हणजे माझ्या घरचं काहीतरी मंगलकार्य आहे, अशी त्याची समजूत असावी. जमेल तेव्हा तो अर्धा तास सांभाळून घ्यायचा. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नंबर. कंपन्या एकाच नावाचं बोर्ड दोनदा-तीनदा काढतात, आतले भाग बदलतात आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात १.१ चं २.० करतात. नाव तेच, पण एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. म्हणून कॅबिनेट उघडायचं, टॉर्च लावायचा आणि बोर्डावरचा नंबर डोळ्यानं वाचायचा. माझा टॉर्च बाबांचा आहे, स्टीलचा, त्याचा खटका भलता कडक. मी तो खट्‌कन लावते आणि नंबर मोठ्यानं वाचते. वाचलेला नंबर एका लांबोडक्या निळ्या वहीत लिहून ठेवते. दुकानातून गेलेल्या प्रत्येक मशिनचं पान त्या वहीत आहे. या वहीचा मला फार गर्व होता. अकोल्यातले दुसरे दुकानदार सल्ला विचारायला आले की मी वही उघडून त्यांच्यासमोर धरायची.

आणखी एक सवय होती, तिचं मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. जुन्या कॅबिनेटमध्ये एक बोटभर तारेचा बजर यायचा. मशिन ठीक असेल तर सुरू होताना तो एकदा पीक असा आवाज करायचा. मेमरी सैल झाली, काही बिघडलं, की वेगवेगळ्या तऱ्हेनं वाजायचा. गिऱ्हाइकांना तो आवाज नको असायचा. हे काहून ओरडून राहिलं, काही जळालं तर नाही ना, म्हणून फोन यायचे. म्हणून आम्ही सगळेच दुकानदार मशिन जोडताना तो बजर काढून घ्यायचो. मी ते लोणच्याच्या बरणीत टाकत गेले. बरणी भरली तेव्हा दुसरी काढली.

भातकुलीच्या निर्मलाताईंच्या मशिनलाही बजर नव्हता. त्या कापडावर मशिननं भरतकामाची नक्षी काढायच्या आणि ती नक्षी संगणकावर बनायची. नवा प्रोसेसर बसवायला मी त्यांचा बायोस अपडेट करायला घेतला. मधेच लाइन गेली आणि यूपीएसनं दगा दिला. तेव्हापासून मी यूपीएस बटण बंद करून तपासते, आधी तपासत नव्हते. स्क्रीन काळा. दोन दिवस झटले, मग त्यांना सांगितलं की बोर्ड मेलं, नवं घ्यावं लागेल. लग्नसराई होती. त्यांच्या ऑर्डरी दुसरीकडे गेल्या, आणि गेलेली गिऱ्हाइकं परत आली नाहीत. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

आता तायडेदादा. अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात ते नोकरीला होते. लहानपणीच्या तापात त्यांचे डोळे गेले. वडील रोजमजुरी करणारे, पण घरात शिकायचा हट्ट छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासूनचा, म्हणून पोराला अंधशाळेत घातलं आणि पोरगा शिकला. नोकरी लागली ती टेलिफोनच्या बोर्डावर, फोन जोडून द्यायची. पुढं ते फोन आपोआप लागायला लागले, बोर्ड निघालं आणि दादांचं काम संपलं. साहेब म्हणाले, बसा, सही करा, पगार मिळत राहील. दोन वर्षं ते एका खुर्चीवर बसून होते. कोणी काम सांगत नव्हतं, कोणी चहाला बोलवायचं तेवढंच. त्या खुर्चीबद्दल बोलताना अजूनही त्यांचा आवाज बदलतो.

मग ते स्वतः बोलता संगणक शिकले. स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याच्या भरवशावर आंधळा माणूस सुरेख टाइप करतो. स्वतःच्या पैशानं त्यांनी माझ्याकडून मशिन जोडून घेतलं आणि परवानगी काढून कार्यालयात ठेवलं. तेव्हा मी सवयीनं बजर उपटायला गेले, तर त्यांनी हात आडवा घातला. ते सुरू झालं हे मले कसं समजीन, असं विचारलं. मी बजर राहू दिला. एका माणसाचा लाड म्हणून राहू दिला, त्यापलीकडे मी काही विचार केला नव्हता.

तेव्हापासून कार्यालयातल्या प्रत्येक सभेचं इतिवृत्त तायडेदादा लिहायचे. सभा रेकॉर्ड करायची, कानाला लावून ऐकायची आणि टाइप करायची. त्यांच्याइतकं चोख इतिवृत्त डोळस माणसांकडून आलं नसेल. त्या सॉफ्टवेअरला त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. गावांची नावं, नाल्यांची नावं, साहेबांची आडनावं, एकेक शब्द कसा म्हणायचा ते त्याच्यात भरलं होतं. फुकटातली सॉफ्टवेअरंही मिळतात, मी त्यांना सुचवली होती. एक ऐकून ते म्हणाले की हे तर इंग्रजाच्या पोरासारखं मराठी वाचून राहिलं.

एका मे महिन्यात ते बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला आले. मशिन चादरीत बांधून मांडीवर घेतलेलं. म्हणाले, डिस्क खोकलून राहिली. मी कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. तपासलं तर खरंच डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. त्यांच्या फाइलींची नक्कल काढून घेतली, नवी डिस्क आणली, पण त्यांचं बोर्ड तिला ओळखेना. बोर्ड बदलावं म्हटलं तर ते बोलणारं सॉफ्टवेअर त्या बोर्डाशीच बांधलेलं. दुसऱ्या बोर्डावर ते उघडणार नाही, आणि पुन्हा चालू करून देणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. म्हणजे बोर्ड गेलं तर तो आवाज गेला आणि त्याला शिकवलेलं सगळं गेलं. बायोस अपडेट केला तरच नवी डिस्क चालणार, आणि अपडेट करताना चुकलं तर बोर्डच मरणार.

मी सगळं स्पष्ट सांगितलं. माझ्याकडून खात्री देता येत नाही, हेही सांगितलं. दादांनी चादरीची गाठ चाचपली. मग म्हणाले, "ताई, साडेतीन वर्सं राहिली माई नोकरीची. मले परत त्या खुर्चीवर नका बसवू."

दुसऱ्या दिवशी दुपारी काम काढलं. ते रात्री एका नातेवाइकाकडे राहिले होते आणि दुकान उघडायच्या आधीच दारात येऊन उभे होते. अकोल्याचा मे महिना काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. कूलर सकाळपासून धडधडत होता. तो लावला की आमच्या दुकानात शेजारच्याला ओरडून बोलावं लागतं. सब-स्टेशनला फोन झाला. यूपीएस तपासला. नक्कल काढली. मशिनची एक बाजू उघडून टेबलावर ठेवलं. निळी वही काढली, तायडेदादांचं पान उघडलं, नंबर बघितला, १.१. त्या नंबराची फाइल उतरवली आणि काम सुरू केलं.

स्क्रीनवरची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली. मशिन आपोआप बंद होऊन सुरू झालं. स्क्रीन काळा.

थांबले. बंद केलं, सुरू केलं. काळाच. मेमरी काढून परत बसवली, सेल काढून परत घातला, काही फरक नाही. मग टॉर्च उचलला, खटका दाबला आणि वाकून बोर्डाचा कोपरा बघितला. तिथं लिहिलं होतं २.०.

तेव्हा आठवलं. मशिन घेतल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांचं मूळ बोर्ड बिघडलं होतं आणि कंपनीनं वॉरंटीत बदलून दिलं होतं. नाव तेच, डबाही तोच. सॉफ्टवेअरची कंपनी तेव्हा चालू होती, तिनं ते नव्या बोर्डावर पुन्हा चालू करून दिलं होतं. गर्दीच्या दिवशी मी ते घाईनं बसवलं आणि वहीत नोंद करायची राहिली. साऱ्या अकोल्याला मी सांगत फिरले की नंबर बोर्डावर बघा, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी माझ्या वहीवर विसंबले. चिपवर थेट लिहिणारं यंत्र असतं, आज माझ्याकडे आहे, तेव्हा नव्हतं. आणि ती चिप बोर्डावर पक्की सोल्डर केलेली, काढून दुसरीकडे न्यायचीही सोय नाही.

दादांनी विचारलं, "ताई, तुमी बोलून काहून नाही राहिल्या?"

"बोर्ड गेलं, दादा. माझ्या हातानं गेलं," मी म्हटलं. नंबराचं बोलले नाही. जिभेवर आलं होतं, पण बोलले नाही.

ते खुर्ची ओढत जवळ आले, कॅबिनेटला हात लावला आणि मान वाकडी करून थांबले. "गेलं कसं म्हनता? थे तं बोलून राहिलं. कूलर बंद करा बरं."

कूलर बंद केला. दुकान एकदम मोकळं झाल्यासारखं झालं. आणि मग मलाही ऐकू आलं. फार बारीक, एक लांब आवाज, मग थोडं थांबणं, मग पुन्हा तोच लांब आवाज. मी राहू दिलेला तो बजर. माझ्यासमोर तो अर्धा तास वाजत होता आणि मी स्क्रीनकडे डोळे फाडून बसले होते.

इथं थोडं समजावून सांगते. बायोस पुसताना चिपमधला एक लहानसा कोपरा बहुधा तसाच राखून ठेवतात. बाकी सगळं बिघडलं तरी तो कोपरा जागा राहतो. त्याला चित्र काढता येत नाही, फक्त बजर वाजवता येतो आणि पेनड्राइव्ह वाचता येतो. म्हणजे आत कोणीतरी जिवंत होतं आणि चांगली फाइल मागत होतं. हे मला आयटीआयनंतर कधीतरी माहीत होतं. पण सगळ्या मशिनांचे बजर उपटून उपटून माझे कानच त्या कामातून गेले होते.

बोर्डाची पुस्तिका शोधली. त्यात रीत दिली होती. चांगली फाइल एका ठरावीक नावानं पेनड्राइव्हवर ठेवायची, जुना गोल पिनचा कीबोर्ड लावायचा, दोन बटणं दाबून धरून मशिन सुरू करायचं. फाइल लिहून झाली की बोर्ड चारदा वाजेल. चारदा वाजेपर्यंत हात लावायचा नाही. मी मघाशी काढलेली जुनी नक्कलच घातली, कालपर्यंत जे त्याच बोर्डावर चाललं होतं ते. बटणं दाबली. लांब आवाज बंद झाला आणि पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला.

तेवढ्यात लाइन गेली. सब-स्टेशनच्या त्या बिचाऱ्याचा दोष नाही, मी त्याला अर्धा तास म्हटलं होतं आणि दीड तास होऊन गेला होता. यूपीएसनं ओझं उचललं आणि त्याचा स्वतःचा बजर सुरू झाला, टूं टूं टूं. आता बोर्ड कुठलं आणि यूपीएस कुठला, माझ्या कानाला काही कळेना. यूपीएस आठ-दहा मिनिटं टिकतो हे मला ठाऊक होतं, पण त्या उकाड्यात किती टिकेल याचा नेम नव्हता. मी दिव्याकडे बघत होते. दादांनी कॅबिनेटच्या पत्र्याला कान लावला होता आणि एक बोट वर धरलं होतं. त्यांच्या मानेवरून घाम शर्टात उतरत होता. किती वेळ गेला देव जाणे. मी मधेच म्हटलं, वाजलं वाटतं. त्यांनी मान हलवली. तो तुमचा यूपीएस, आपला नाही.

मग त्यांनी दुसरं बोट वर केलं. थोड्या वेळानं तिसरं. मग चौथं.

मशिन आपोआप बंद होऊन सुरू झालं आणि बजर एकदा, आखूड वाजला. पीक. इतकी वर्षं मी तो आवाज बंद करत आले. त्या दुपारी त्याच्यासाठी मी रडले, भर दुकानात, पदर तोंडाला लावून.

लाइन आल्यावर मी म्हटलं, आज राहू द्या, पुन्हा जोखीम नको. पण डिस्क थांबणार नव्हती. दादा म्हणाले की आता कराच, या खेपेला नीट पाहून करा. मी २.० ची फाइल काढली, टॉर्च लावून नंबर तीनदा वाचला, वहीत खोडून लिहिला आणि मगच हात घातला. संध्याकाळी नवी डिस्क चालली. त्यांनी आवाज लावला आणि तालुक्यांची यादी वाचायला सांगितली. तो आवाज चिखलदरा, अचलपूर, भातकुली असं आपल्याच माणसासारखं म्हणाला. दादा हसले. चादर बांधून शेवटच्या गाडीआधीच्या गाडीनं परत गेले, सोमवारी सभा होती.

त्यानंतर पहिलं काम केलं ते भातकुलीला जायचं. निर्मलाताईंना सांगितलं की तुमचं बोर्ड बहुधा मेलं नव्हतं, मी बजर लावून ऐकलं असतं तर वाचलं असतं. त्यांनी ते केव्हाच भंगारवाल्याला दिलं होतं. मला विचारलं, "मंग आता काहून सांगून राहिल्या?" त्यांनी चहा दिला, घरच्या मिरच्या बांधून दिल्या. ती चूक दुरुस्त झाली नाही, होणारही नाही. बरण्यांमधले बजर मात्र मी एकेक करून लोकांच्या मशिनांना परत लावत गेले. गिऱ्हाईक कुरकुरलं की सांगते, वाजू द्या, त्याचं काही म्हणणं असतं.

मागच्या वर्षी तायडेदादा सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभाला त्यांनी मला आवर्जून बोलावलं. अमरावतीच्या त्या सभागृहात मोठे साहेब बोलले आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले की या ताईंनी आपल्या तायड्यांचा आवाज वाचवला. टाळ्या झाल्या. मला त्या टाळ्या सहन होईनात. इतकी वर्षं ते प्रत्येक वेळी माझ्याच दुकानात आले, कार्यालयातल्या चार जणांची मशिनं माझ्याकडे पाठवली, आणि मी गप्प राहिले होते. मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. लाइनमुळं नाही, नशिबामुळं नाही, मी बोर्डावरचा नंबर न बघता वही बघितली म्हणून ते बोर्ड मरायला टेकलं होतं. आवाज मी वाचवला नाही. तो त्यांनीच वाचवला, आणि माझी अब्रूही.

दादा जागेवरूनच म्हणाले, "मले ठाऊक होतं."

मी विचारलं, कसं?

"वही आधी उघडली तुमी. टॉर्चचा खटका मागून वाजला."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुमी बोलान म्हून थांबलो," ते म्हणाले, आणि लोक हसले. मीही हसले, पण मला बसायला खुर्ची सापडेना.

समारंभाचं इतिवृत्त दुसऱ्या कोणाला लिहू द्या, असं साहेब म्हणत होते. दादा म्हणाले की सहा वाजेपर्यंत मी नोकरीवर हाय. सगळे नाश्ता करत होते तेव्हा ते आपल्या टेबलावर बसून टाइप करत होते, आणि सहाला पाच कमी असताना त्यांनी माझ्या हातात एक प्रत दिली. कागद अजून गरम होता. साहेबांचं भाषण, हार, भेटवस्तू, सगळं नेहमीच्या चोख भाषेत. खाली पाचवा विषय होता:

"अकोला येथील संगणक दुरुस्ती करणाऱ्या ताईंनी बोर्डावरील क्रमांक न पाहता वहीतील क्रमांक पाहिल्याचे सभेपुढे सांगितले. बोर्ड त्याच दिवशी सुरू झाले असल्याने व तेव्हापासून आजपर्यंत एकही सभा इतिवृत्ताविना राहिली नसल्याने सदर विषय निकाली काढण्यात येत आहे."

तो कागद मी निळ्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. वही उघडली की आधी तोच दिसतो. मग मी वही मिटते आणि टॉर्च लावते.